सेल्फ बदलताना या चुका टाळा: नुसता ‘टक्’ आवाज आला म्हणून स्टार्टर खोलू नका

किल्ली फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले, बॉनेटखालून एक ‘टक्’ आला आणि पुढे काहीच नाही. बहुतेक जण इथेच निकाल लावून मोकळे होतात: सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटार) गेला. मग नवा स्टार्टर येतो, रविवारची सकाळ गाडीखाली जाते आणि शेवटी किल्ली फिरवल्यावर पुन्हा तोच ‘टक्’. दोष असतो बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या हिरवट-पांढऱ्या थरात, नाहीतर इंजिन आणि बॉडी जोडणाऱ्या अर्थच्या पट्टीत. म्हणजे सगळ्यात महागडी चूक पाना हातात घेण्याआधीच होऊन गेलेली असते.

पुढचं सगळं साध्या 12 व्होल्टच्या, मॅन्युअल गिअरच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहे. बॉनेट उघडल्यावर जाड नारिंगी केबल दिसल्या तर ती गाडी हाय व्होल्टेजची हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक आहे. तिथे हे काम घरी करायचं नाही.

न मोजता सेल्फला दोषी धरणं

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे. 12.2 म्हणजे साधारण अर्धी. पण खरा आकडा दिसतो तो सेल्फ मारताना. दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा आणि मीटर बॅटरीवर ठेवा. 9.6 च्या खाली गेला तर आधी बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. ‘टक्’ होऊनही मीटर 12.5 च्या आसपासच राहिला तर मोटारीपर्यंत करंट पोचतच नाही. आणि मीटर खाली येतो, दिवे मंद होतात, पण इंजिन हलत नाही, तेव्हा करंट जातोय पण काहीतरी अडकलंय.

इथे एक फसवणूक नेहमी होते. केबलची दोन टोकं मीटरला लावून ‘बीप’ वाजला की केबल चांगली, असं समजलं जातं. पण सेल्फ 150 अँपिअर ओढत असताना केबलमध्ये ओहमचा नुसता शंभरावा भाग अडथळा असला तरी दीड व्होल्ट तिथेच खर्च होतात. इतका बारीक अडथळा घरचा मीटर ओहमवर दाखवत नाही, बीप मात्र छान वाजतो. म्हणून चालत्या करंटमध्ये मोजा. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह शिशाच्या खुंटीवर (क्लॅम्पवर नव्हे, खुंटीवरच), दुसरं सोलेनॉइडच्या (स्टार्टरवरचा विजेवर चालणारा स्विच) 30 नंबरच्या जाड स्टडवर, म्हणजे बॅटरीची केबल येते त्या बोल्टवर. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. मग निगेटिव्ह खुंटी ते स्टार्टरची बॉडी: 0.3 पेक्षा जास्त नको. यातल्या एका ठिकाणी दोन व्होल्ट दिसले तर स्टार्टर बहुधा निर्दोष आहे; टर्मिनल, लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) आणि अर्थचा बोल्ट घासून साफ करा. कोकणात, समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांत लगच्या आत, प्लास्टिकच्या नळीखाली तांबं कळंकलेलं असतं. वरून काहीच दिसत नाही.

करंट मोजायला मल्टिमीटरच्या 10 अँपिअरच्या खाचेत टोकं घालून सेल्फ मारू नका, फ्यूज उडेल किंवा मीटर जाईल. त्याला डीसीचा क्लॅम्प मीटर लागतो.

राहिली किल्लीकडून सोलेनॉइडला येणारी 50 नंबरची बारीक वायर. किल्ली स्टार्टला असताना तिच्यावर बॅटरीइतकाच, फार तर दीड-दोन व्होल्ट कमी, दाब हवा. तो नसेल तर शोध मागे न्या: स्टार्टरचा रिले, इग्निशन स्विच, आणि क्लच दाबल्याशिवाय सेल्फ न घेणाऱ्या गाड्यांत क्लच पेडलवरचा छोटा स्विच. इमोबिलायझरचा (चोरी रोखण्यासाठी किल्ली ओळखणारी यंत्रणा) दिवा लुकलुकत असेल तर किल्लीच ओळखली गेलेली नाही.

आवाजही बरंच सांगतो. वरची मापं ठीक असूनही एकच दणदणीत ‘टक्’ आणि शांतता: सोलेनॉइडचे आतले कॉन्टॅक्ट जळलेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. ‘टक-टक-टक-टक’: बहुधा बॅटरी उतरली आहे, क्वचित सोलेनॉइडची धरून ठेवणारी कॉइल तुटली आहे. मोटार गरगर फिरते पण इंजिन जागचं हलत नाही: बेंडिक्स (पुढे सरकून इंजिन फिरवणारं दातेरी चाक आणि त्याचा एकमार्गी क्लच) घसरतंय. करकर असा दात खरवडल्याचा आवाज: बेंडिक्सचे किंवा फ्लायव्हीलच्या (इंजिनाचं जड चाक) दातेरी रिंगचे दात. गाडी गिअरमध्ये टाकून वीतभर ढकलली की सेल्फ लागतो, असं असेल तर रिंगच बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना साधारण त्याच दोन जागी थांबतं, त्यामुळे रिंग तिथेच झिजते. अशा रिंगवर नवा स्टार्टर बसवणं म्हणजे नव्या पिनियनचे (बेंडिक्सवरचं दातेरी चाक) दातही बिघडवून घेणं.

इंजिन जाम नाही ना, हेही बघायचं. अँबॅसिडरच्या जमान्यात हँडल मारलं की ते लगेच कळायचं. आता गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि इंजिनाच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवून बघा. पावसात गाडीत पाणी शिरून ती बंद पडली असेल तर सेल्फ मारूच नका. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

आणि हातोडी. स्टार्टरच्या बॉडीवर टकटक केली की गाडी चालू होते, हे खरं आहे. अडकलेले ब्रश तेवढ्यापुरते सरकतात. पण हल्लीच्या बऱ्याच स्टार्टरमध्ये कॉइलऐवजी फेराइटचे चुंबक चिकटवलेले असतात. ते तडकले तर दुरुस्तीची सोयच उरत नाही.

बॅटरी न सोडता पाना लावणं

30 च्या स्टडपर्यंतची केबल बॅटरीतून सरळ येते. बहुतेक गाड्यांत मध्ये फ्यूज नसतो, आणि किल्ली बंद असली तरी तिच्यात करंट असतोच. पान्याचं एक टोक नटवर आणि दुसरं इंजिनला टेकलं की पाना जागेवर वितळायला लागतो. आधी निगेटिव्ह सोडा, बसवताना तो सगळ्यात शेवटी. पॉझिटिव्ह आधी सोडला तर तो सोडतानाच पाना बॉडीला लागू शकतो. बोटातली अंगठी आणि धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवा. रेडिओचा कोड आधी लिहून घ्या आणि किल्ली खिशात ठेवा, म्हणजे सेंट्रल लॉक आपोआप लागलं तरी पंचाईत नाही.

गाडी खालून उघडायची असेल तर सपाट जमीन, मागच्या चाकांना अडसर, जॅक आणि त्यानंतर दोन स्टँड. विटांची किंवा सिमेंटच्या ब्लॉकची चळत नको. ब्लॉक हळूहळू वाकत नाही, एकदम फुटतो. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, सायलेन्सरचा पाइप अनेक गाड्यांत स्टार्टरला खेटूनच जातो.

दिसायला सारखा म्हणून घेतलेला पार्ट

जुना आणि नवा स्टार्टर शेजारी ठेवून पिनियनचे दात मोजा. एका दाताचा फरक चालत नाही. बोल्टच्या भोकांमधलं अंतर, नाकाची लांबी, फिरण्याची दिशा आणि प्लेटवर छापलेला किलोवॅटचा आकडा जुळला पाहिजे. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचा स्टार्टर वेगळा असतो. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाड्यांत जास्त वेळा चालू होण्यासाठी मजबूत केलेला स्टार्टर असू शकतो. तिथे साधा बसेल, पण टिकणार नाही.

नवा घेण्याआधी जुना ऑटो इलेक्ट्रिशियनकडे एकदा उघडून बघितलेला बरा. कित्येकदा ब्रश, मागचा बुश (शाफ्टला आधार देणारी नळी) आणि कॉन्टॅक्ट एवढंच संपलेलं असतं. आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) जळलं नसेल तर अख्खा स्टार्टर घेण्यात अर्थ नाही. आणि नवा घेतलात तरी एक्स्चेंजमध्ये मूळ कंपनीचा जुना देऊन कुठलाही रिबिल्ट आणू नका.

खोलताना

वायरींचा फोटो काढा. 30 वर बऱ्याचदा बॅटरीच्या केबलशिवाय अल्टरनेटरची वायरही असते, ती विसरली की गाडी चालू होते पण चार्जिंग होत नाही. बाहेरचा नट सोडताना आत दुसरा नट असेल तर तो दुसऱ्या पान्याने धरा. स्टड स्वतःच फिरला तर सोलेनॉइडची टोपी तडकते.

बोल्ट दोन किंवा तीन असतात, जपानी पद्धतीच्या गाड्यांत बहुधा 14 किंवा 17 च्या पान्याचे. सगळे आधी नुसते ढिले करा. मग खालचा काढा, स्टार्टरला हाताने आधार द्या आणि वरचा शेवटी काढा. तीन ते पाच किलोचं हे धूड तोंडावर पडायला वेळ लागत नाही, आणि वायरवर लटकू द्यायचं नाही. बोल्टची लांबी वेगवेगळी असेल तर कुठला कुठचा ते लिहून ठेवा. लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर ॲल्युमिनियमचं हाऊजिंग फुटतं. स्टार्टर निघाल्यावर त्या भोकातून टॉर्च मारा, इंजिन हाताने फिरवत रिंगचे सगळे दात बघून घ्या. ही संधी पुन्हा स्टार्टर किंवा गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय मिळत नाही.

फक्त सोलेनॉइड बदलताना

सोलेनॉइड दोन कामं करतो: काट्याने बेंडिक्स पुढे ढकलतो आणि मग मोटारीचा जाड करंट जोडतो. प्लंजरची (सोलेनॉइडमधला सरकणारा लोखंडी दांडा) आकडी काट्यात न अडकवता स्क्रू आवळले की दुसरं काम होतं, पहिलं नाही. मोटार फिरते, इंजिन नाही, आणि माणूस नव्या सोलेनॉइडला शिव्या देतो. प्लंजर थोडा वर उचलून आकडी घाला, मग सोलेनॉइड सरळ करा. काट्याजवळचा रबरी तुकडा परत बसवा. तो राहिला तर क्लचची धूळ आणि पावसाचं पाणी थेट आत जातं.

स्क्रू गंजलेले असतात. साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकं खराब करण्याआधी भेदक तेल मारून थांबा आणि हातोडीने मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा.

डेन्सो पद्धतीच्या गिअरवाल्या स्टार्टरमध्ये सोलेनॉइड हाऊजिंगचाच भाग असतो, वेगळा निघत नाही. तिथे मागची टोपी उघडून तांब्याचे दोन कॉन्टॅक्ट आणि प्लंजर बदलतात. पुढचा भाग वेगळा केलात तर आतली पोलादी गोळी आणि स्प्रिंग घरंगळून जाते, खाली ट्रे ठेवा.

बेंडिक्स पेट्रोलमध्ये बुडवून धुऊ नका. आतल्या एकमार्गी क्लचचं ग्रीस धुऊन जातं. बाहेरच्या आट्यांवर ग्रीसचा थापही नको, क्लचची धूळ त्यात चिकटून लापशी होते.

बसवताना

बसवण्याआधी जमिनीवर चाचणी घ्या. स्टार्टर वाइसमध्ये घट्ट पकडा, बॉडीला निगेटिव्ह, 30 ला पॉझिटिव्ह, आणि बारीक वायरने 50 ला क्षणभर पॉझिटिव्ह द्या. पिनियन उडी मारून पुढे येऊन फिरला पाहिजे. पायाखाली दाबून ही चाचणी घेऊ नका, सुरुवातीचा झटका जोराचा असतो.

स्टार्टरचा अर्थ त्याच्या तोंडाच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या हाऊजिंगला टेकणाऱ्या बाजूच्या, धातूतूनच जातो. तिथे रंग, तेल किंवा गंज ठेवला, किंवा ‘पाणी जाऊ नये’ म्हणून सिलिकॉन लावलं, की घरीच नवा दोष तयार झाला. दोन्ही पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. मधे पातळ पत्रा असेल तर तो पिनियन आणि रिंगमधलं अंतर राखतो, परत घाला. बोल्टचे पहिले चार-पाच फेरे हाताने, मग पाना. शेवटचा ताण गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे टॉर्क रेंचने द्या. 30 चा नट मात्र सांभाळून, तांब्याचा स्टड पिळला तर सोलेनॉइड गेला.

बॅटरीची केबल चुकून मोटारीकडे जाणाऱ्या स्टडवर लागली तर निगेटिव्ह जोडताक्षणी मोटार पळायला लागते. तसं झालं तर लगेच निगेटिव्ह काढा. 30 वरची रबरी टोपी आणि सायलेन्सरच्या बाजूचा उष्णतेचा पत्रा जागेवर हवा.

जुना का गेला, हे न शोधणं

कमकुवत बॅटरीवर दहादा सेल्फ मारला की कॉन्टॅक्ट जळतात, कधी चिकटूनही बसतात. इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल गळत असेल तर ते ब्रशवर जातं. रिले किंवा इग्निशन स्विच अडकला तर किल्ली सोडल्यावरही मोटार फिरत राहते. ही कारणं तशीच ठेवली तर नवा स्टार्टरही त्याच वाटेने जातो.

पहिल्यांदा सेल्फ मारताना गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, आणि स्क्रूड्रायव्हरने 30 आणि 50 जोडायचा उद्योग नाही. गाडी गिअरमध्ये असेल तर ती तुमच्याच अंगावर येते. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये निदान अर्धा मिनिट थांबा. चालू झाल्यावर 30 च्या नटला हात लावून बघा, गरम लागला तर जोड ढिला आहे. मग निगेटिव्ह सोडून तो आवळा, आणि बॅटरी खुंटी ते 30 हे माप पुन्हा एकदा घ्या.