किनेक्ट, मूव्ह की वी? आधी हॉल मोजा, मग ठरवा

कॅमेऱ्यासमोर उभं राहून हातपाय हलवत खेळायचे गेम नव्या कन्सोलवर जवळपास बंदच झालेत, पण जुना माल सेकंडहँडमध्ये भरपूर फिरतोय आणि घरात पोरं असली की प्रश्न येतोच, किनेक्ट, मूव्ह, वी यातलं कुठलं घेऊ. मग लोक मेगापिक्सेल बघतात, गेमची यादी बघतात, व्हिडिओ बघतात. माझं म्हणणं आधी मोजायची टेप घ्या आणि टीव्हीपासून सोफ्यापर्यंतचं अंतर मोजा. यातला प्रत्येक कॅमेरा वेगळीच गोष्ट बघत असतो, त्यामुळे एकाच्या घरी मस्त चाललेला दुसऱ्याच्या घरी नुसता डब्बा होऊन बसतो.

सगळ्यात साधा म्हणजे सोनीचा आयटॉय, प्लेस्टेशन २ साठी २००३ मध्ये आलेला. हा निव्वळ वेबकॅम. आधीच्या चित्रात आणि आत्ताच्या चित्रात कुठे फरक पडला एवढंच गेम बघतो, जिथे फरक तिथे हालचाल. तुमचा हात कुठला, डोकं कुठलं, तुम्ही किती लांब आहात, त्याला काही घेणंदेणं नाही. म्हणून मागे पडदा उडत असेल किंवा टेबलफॅन फ्रेममध्ये येत असेल तर तोही तुमच्या बाजूने खेळायला लागतो. उजेड मात्र चांगला लागतो, आणि तो समोरून, म्हणजे टीव्हीच्या बाजूने आला पाहिजे, तुमच्या पाठीमागे खिडकी असेल तर तुम्ही काळी सावली दिसता आणि सगळी बोंब. पण चार-पाच वर्षांच्या पोरांना स्क्रीनवर स्वतःलाच बघून फुगे फोडायला जी मजा येते ती यातच, आणि जागाही फार लागत नाही.

निन्टेन्डोच्या वीमध्ये (२००६) प्रकार उलटा आहे. कॅमेरा तुमच्या हातातल्या रिमोटच्या तोंडाला असतो, आणि टीव्हीवर जी पट्टी ठेवतात, जिला सेन्सर बार म्हणतात, तिच्यात सेन्सर वगैरे काही नाही, दोन्ही टोकांना इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) सोडणारे एलईडी आहेत बस. रिमोट ते दोन ठिपके बघतो आणि आपण कुठे रोखलोय ते काढतो. त्यामुळे बार बिघडला तर टीव्हीसमोर एकमेकींपासून वीतभर अंतरावर दोन पणत्या लावल्या तरी पॉइंटर चालतो, खरंच चालतो, कारण ज्योतीतूनही इन्फ्रारेड निघतं. (पडदे जवळ असतील तर असले प्रयोग नकोत.) याचीच दुसरी बाजू म्हणजे टीव्हीशेजारी देव्हारा असेल आणि समई लावलेली असेल, किंवा टीव्हीच्या मागून ऊन येत असेल, तर पॉइंटर वेड्यासारखा उड्या मारतो. तपासायचं असेल तर वीच्या सेटिंगमध्ये सेन्सर बारची सेन्सिटिव्हिटी उघडा, काळ्या स्क्रीनवर दोनच ठिपके दिसायला हवेत, तिसरा दिसला तर तो कुठून येतोय ते शोधा आणि बंद करा. बार चालू आहे का हे फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनमध्ये एलईडी जांभळट दिसतात. आणि एक, बोलिंग-टेनिसचा झटका हा कॅमेऱ्याचा खेळ नाही, तो रिमोटमधल्या ॲक्सेलरोमीटरचा, म्हणजे झटका ओळखणाऱ्या सेन्सरचा, त्यामुळे बार नसताना फटका बसेल पण मेनूत बोट दाखवता येणार नाही.

सोनीने २०१० मध्ये प्लेस्टेशन ३ साठी मूव्ह आणला आणि मला विचाराल तर छोट्या घरासाठी हाच सगळ्यात शहाणा तोडगा होता. हातात कांडी, तिच्या टोकाला चेंडू, चेंडूत रंग बदलणारा दिवा. समोरचा प्लेस्टेशन आय कॅमेरा (हा २००७ चा) फक्त तो चेंडू शोधतो. चेंडूचा आकार आधीच माहीत असल्यामुळे चित्रात तो किती मोठा दिसतो त्यावरून अंतर कळतं, आणि मनगट कसं वळलं हे कांडीतला जायरोस्कोप सांगतो. खोलीत जे रंग आहेत त्यांच्यापेक्षा वेगळा रंग कन्सोल चेंडूला आपोआप देतो, म्हणजे भिंत भगवी असो की पोपटी, फरक पडत नाही. कॅमेरा ६४० बाय ४८० चाच, पण सेकंदाला ६० चित्रं घेतो, शिवाय भिंगाची कड फिरवून ५६ किंवा ७५ अंशांचा कोन करता येतो, जागा कमी असेल तर ७५ वर ठेवा. टेबल टेनिस किंवा तलवारबाजीला हात जिथे तिथेच बॅट दिसते, उशीर जवळजवळ जाणवत नाही. तोटा म्हणजे प्रत्येकाला कांडी लागते आणि पायांचं त्याला काही कळत नाही.

आता किनेक्ट. सगळ्यात जास्त विचारणा याचीच असते आणि सगळ्यात जास्त वांधेही याचेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पहिला किनेक्ट मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० साठी नोव्हेंबर २०१० मध्ये आला, आतलं तंत्र प्राइमसेन्स या इस्रायली कंपनीचं (ती पुढे २०१३ मध्ये ॲपलने घेतली). तो खोलीभर इन्फ्रारेड ठिपक्यांची नक्षी फेकतो, डोळ्यांना दिसत नाही, आणि थोड्या बाजूला असलेला कॅमेरा बघतो की कुठला ठिपका किती सरकलाय, त्यावरून प्रत्येक जागेचं अंतर. मग त्यातून माणूस वेगळा काढून २० सांधे ओळखतो, खेळू शकतात एका वेळी दोघं. हातात काही धरायचं नाही, अंधारातही चालतो.

पण कोन बघा. आडवा ५७ अंश, उभा ४३ अंश. १.८ मीटरवर, म्हणजे साधारण सहा फुटांवर, त्याला उभं फक्त १.४२ मीटर दिसतं. साडेपाच फुटी माणूस त्यात बसतच नाही, डोकं आलं तर पाय गेले. २.४ मीटरवर, आठ फुटांवर गेलात तर १.८९ मीटर, तिथे कुठे अख्खा माणूस मावतो, आणि मायक्रोसॉफ्ट दोन जणांसाठी आठ फूट सांगायचं. आता आपल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये टीव्ही युनिट, टीपॉय, सोफा धरून आठ फूट मोकळी जागा काढा बघू. सोफा सरकवावाच लागतो, आणि रोज सोफा सरकवून कोणी खेळत नाही, दोन आठवड्यांत वस्तू माळ्यावर.

एक्सबॉक्स वनचा दुसरा किनेक्ट (२०१३) इथे बराच बरा. तो ठिपके टाकत नाही, प्रकाश सोडतो आणि परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे काय बारीक मोजमाप आहे बघा. कोन ७० बाय ६० अंश, त्यामुळे सहा फुटांवरच उभं दोन मीटरहून जास्त दिसतं आणि माणूस पूर्ण मावतो. सांधे २५, माणसं सहा. तंत्र म्हणून या सगळ्यांत उत्तम हाच, आणि नशीब सगळ्यात वाईटही याचंच. किनेक्टसकट एक्सबॉक्स वन ४९९ डॉलरला आणि समोर प्लेस्टेशन ४ ३९९ ला, मग २०१४ च्या जूनमध्ये किनेक्टशिवायचा एक्सबॉक्स ३९९ ला काढला, गेम बनवणाऱ्यांनीही मग लक्ष काढून घेतलं, २०१७ मध्ये उत्पादन बंद.

दोन्ही किनेक्टना थेट ऊन चालत नाही, उन्हातलं इन्फ्रारेड त्यांचं इन्फ्रारेड गिळून टाकतं, पहिल्याला जास्त त्रास. दुपारी बाल्कनीचा जाड पडदा ओढा. काचेची शोकेस, आरसा, चकचकीत काळा ग्रॅनाइट फ्रेममध्ये असेल तर अंतर चुकतं. साडी, परकर, ढगळ पायजमा घातला की पाय वेगळे ओळखता येत नाहीत आणि स्क्रीनवरचा पुतळा लंगडतो, आजीला नाचवायचं असेल तर पंजाबी ड्रेस बरा. सेन्सर जमिनीपासून दोन ते सहा फूट उंचीवर, टीव्हीच्या मधोमध. पहिल्याची मान मोटरने हलते, ती हाताने कधीच वळवू नका, दुसऱ्याला मोटर नाही, तिथे हातानेच वळवायची.

विकत घ्यायच्या आधी घरी एक काम करा, टीव्हीपासून सहा फूट आणि आठ फूट जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि तिथे उभं राहून दोन्ही हात पसरून एक उडी मारा. पंख्याला हात, कपाटाला कोपर लागलं तर उत्तर मिळालं, वी किंवा मूव्ह घ्या. सहा फूट मोकळे असतील तर दुसरा किनेक्ट, आठच्या वर असतील तर पहिलाही चालेल आणि गेमही त्याचेच जास्त आहेत.

जोड्या जुळवताना मात्र लोक फसतात. एका किनेक्टचा सेन्सर दुसऱ्या कन्सोलला चालत नाही, ३६० चे किनेक्टवाले गेम एक्सबॉक्स वनवर चालत नाहीत, आणि नव्या एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसला किनेक्ट जोडताच येत नाही. वन एस आणि वन एक्सला वेगळा ॲडॉप्टर लागतो, तो बनणं २०१८ च्या सुरुवातीलाच थांबलं, म्हणून जुना जाडा एक्सबॉक्स वनच शोधा. ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालंय, तेव्हा डिस्क मिळताहेत का ते आधी बघा. पहिल्या जाड्या ३६० ला किनेक्टचा वेगळा पॉवर ॲडॉप्टर लागतो, स्लिमला नाही. प्लेस्टेशन आय फक्त ३ ला, ४ चा कॅमेरा वेगळा, आणि ५ चा एचडी कॅमेरा स्ट्रीमिंगसाठी आहे, त्यावर हातवारे करत बसू नका. वी तर रीजन लॉक, अमेरिकेची डिस्क युरोपच्या मशीनवर चालायची नाही. कोणी अमेरिकेहून ३६० आणून दिला असेल तर भिंतीत लावायच्या आधी विटेवर, म्हणजे वायरीतल्या पॉवर ॲडॉप्टरच्या ठोकळ्यावर, काय छापलंय ते वाचा, तिकडची वीट १००–१२७ व्होल्टची असते, आपल्या २३० वर थेट लावली की गेली.

दुकानात बघताना मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो की गावातलं मोबाइल शॉपी, चालू करून दाखवा म्हणा. पहिला किनेक्ट सुरू होताना मान हलवतो का आणि प्रोजेक्टरच्या भिंगात मंद लालसर उजेड दिसतो का ते बघा. मूव्हची कांडी वर्षानुवर्षं पडून बॅटरी मेलेली असते, केबल काढून दहा-पंधरा मिनिटं हातात खेळवा, आणि जुन्या कांडीला मिनी यूएसबी लागते, फोनची केबल बसत नाही, तेव्हा केबलही त्याच्याकडूनच मागून घ्या.