आकडा एकच, ऐकणारे तीन: आरोग्य अर्थशास्त्रात येणाऱ्यांसाठी

फार्मसी, नर्सिंग, संख्याशास्त्र नाहीतर अर्थशास्त्र शिकलेली गोव्यातली मुलं मला विचारतात, "आरोग्य अर्थशास्त्रात यायचं तर सुरुवात कुठून करू?" बहुतेकांना एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव ऐकायचं असतं. मी त्यांना आधी एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत सकाळभर बसून यायला सांगते. एक्सेलमधलं मॉडेल सरावाने जमतं. त्यातून निघालेला आकडा ऐकून समोरच्याला निर्णय घेता यावा, अशा तऱ्हेने तो सांगणं जास्त अवघड आहे. आणि हे शिकवणारे कमी भेटतात.

पाया थोडक्यात सांगते. पूर्ण चांगल्या तब्येतीत जगलेलं एक वर्ष म्हणजे एक क्वॉली. नव्या उपचाराचा जादा खर्च त्यातून मिळणाऱ्या जादा क्वॉलींनी भागला की एका क्वॉलीची किंमत कळते. तब्येत मोजायला ईक्यू-५डी ही प्रश्नावली सर्रास वापरतात. तिच्यात हालचाल, स्वतःची निगा, रोजची कामं, वेदना आणि चिंता-उदासी अशा पाच बाबी असतात. हे सगळं पुस्तकात नीट मिळतं.

पुस्तकात मिळत नाही ते गोव्यातच घडलेल्या एका अभ्यासावरून सांगते. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसाठी सहा ते आठ बैठकांचा समुपदेशन कार्यक्रम राबवला. समुपदेशक स्थानिक होते. मानसोपचाराची पदवी नसलेले, पण नीट प्रशिक्षण घेतलेले. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून सावरले होते, तर केवळ डॉक्टरांकडची नेहमीची (थोडी सुधारलेली) देखभाल मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. एका क्वॉलीमागे खर्च आला ९,३३३ आंतरराष्ट्रीय डॉलर, म्हणजे देशोदेशींच्या क्रयशक्तीशी जुळवून घेतलेले डॉलर.

आता हाच निकाल तीन ठिकाणी सांगायचा आहे असं समजा. खर्च मंजूर करणाऱ्या समितीला क्वॉलीमागची किंमत हवी असते, पण तिचा पुढचा प्रश्न ठरलेला: ही किंमत कुणाच्या ऐपतीशी ताडून पाहायची? गोव्याचं दरडोई उत्पन्न देशात वरच्या क्रमांकांत आहे. त्यामुळे इथे परवडणारा आकडा बिहारमध्ये परवडेलच असं नाही, आणि हे आपण होऊन सांगायला हवं.

वैद्यकीय अधिकाऱ्याला क्वॉलीत रस नसतो. त्याच्या दारात रांग असते. त्याला सांगावं, की चार जणांना समुपदेशन दिलं तर एक जण जास्तीचा सावरतो. मग तो विचारतो, हे करणार कोण, बसणार कुठे, माझ्या नर्सचा किती वेळ जाणार? याची उत्तरं खिशात नसतील तर सादरीकरण कितीही देखणं असो, उपयोग नाही.

रुग्णाशी टक्क्यांत बोलू नये. "तुमच्यासारखा त्रास असलेल्या शंभर जणांना नेहमीची देखभाल मिळाली, तर तीन महिन्यांनी ३९ जणांना बरं वाटतं. या बैठकाही मिळाल्या तर ६४ जणांना." आणि लगेच पुढचं वाक्य: "बैठका घेऊनही ३६ जणांचा त्रास तेवढ्यात जात नाही." हे वाक्य गाळायचा मोह फार होतो, रुग्णाचा उत्साह जाईल म्हणून. गाळू नका. त्या ३६ जणांतला माणूस पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवणार आहे की नाही, ते याच वाक्यावर ठरतं.

'धोका दुप्पट' किंवा 'धोका निम्मा' असं मूळ संख्येशिवाय कधीच लिहू नका. १९९५ साली ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला, की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. प्रत्यक्षात तो सात हजार स्त्रियांत एकीवरून दोघींवर गेला होता. घाबरून असंख्य स्त्रियांनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपात अंदाजे १३,००० नी वाढले. आकडा खरा होता, पण तो सांगण्याच्या पद्धतीने माणसांचं नुकसान झालं.

खर्च मोजण्याबद्दलही बोलायला हवं, कारण नवखे इथे घाई करतात. 'प्रवासखर्च किती?' या रकान्यात सत्तरी तालुक्यातल्या एका बाईंनी "कांयच ना" असं सांगितलं होतं. त्या शेजाऱ्याच्या स्कूटरवरून बांबोळीच्या सरकारी इस्पितळात आल्या होत्या. पुढे बोलता बोलता कळलं, की शेजाऱ्याचा अर्धा दिवस गेला, पेट्रोल त्याचंच, आणि काजूचा हंगाम असल्याने बाईंचा बोंडू वेचण्याचा दिवस बुडाला. पावसाळ्यात बुडालेला दिवस आणि हंगामात बुडालेला दिवस एकाच भावाने धरला, तर हिशेब चुकतो. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड २०१६ पासून इस्पितळातल्या उपचारांना आधार देतं, पण असा बुडालेला दिवस कुठल्याच बिलात दिसत नाही. तो विचारूनच काढावा लागतो, तोही त्यांच्या कोकणीत, प्रश्नावली बाजूला ठेवून.

शिक्षणाचं म्हणाल तर तिरुवनंतपुरमच्या अच्युत मेनन केंद्राचा सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम पाहा. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत आरोग्य अर्थशास्त्राचं गंभीर काम चालतं. केंद्र सरकारच्या आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७ पासून आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची, म्हणजे औषधं, उपकरणं, उपचार खर्चाच्या मानाने किती उपयोगी आहेत हे तपासणारी, यंत्रणा आहे आणि तिची संसाधन केंद्रं वेगवेगळ्या राज्यांतल्या संस्थांत आहेत. तिथे संशोधन सहायकाची जागा मिळाली तर पगाराकडे बघून नाकारू नका. औषध कंपन्यांत आणि सल्लागार संस्थांत पैसा जास्त असतो, कामही शिकायला मिळतं. मात्र तिथे रुजू होण्याआधी मुलाखतीत एक गोष्ट सरळ विचारा: अभ्यासाचा निकाल कंपनीच्या विरोधात गेला, तर तो छापायचा की नाही हे कोण ठरवतं?