टॅटू काढताय? बेळगावकडे हमखास होणाऱ्या या चुका टाळा

वडगावच्या आमच्या आजीच्या हातावर तुळशीचं गोंदण होतं. ती लहान असताना गोंदणारीण दारात आली, तिनं काजळी कालवली आणि सुयांनी टोचून तुळस काढली. मी ती बघितली तोवर पानं एकमेकांत मिसळली होती, हिरवट निळा ठसा तेवढा उरला होता. गिऱ्हाईक समोर बसलं की मला तोच हात आठवतो. कातडीत गेलेली शाई वर्षानुवर्षं हळूहळू पसरत असते, आणि पुढच्या बऱ्याच चुका हे विसरल्यामुळेच होतात.

भरतीची तयारी करताय? आधी जागा ठरवा

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे. त्यामुळे आमच्याकडे येणाऱ्या दर चार-पाच पोरांत एखादा तरी पहाटे पळायला जाणारा असतो. छातीवर वाघ नाहीतर दंडावर महाराज, ही त्याची ठरलेली मागणी. मी आधी विचारतो, "भरतीला उतरणार आहेस काय?" हो म्हणाला, तर मशीन हातात घेत नाही.

सैन्यभरतीत कायमस्वरूपी टॅटू दोनच ठिकाणी चालतो: कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. दंड, मान, छाती, पाठ, पाय इथं असेल तर उमेदवार बाद. परंपरेनं गोंदणाऱ्या आदिवासी समाजांना तेवढी सवलत आहे. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल अशा दलांत अट आणखी कडक. तिथं कोपरापुढच्या हाताची आतली बाजू चालते ती डाव्या हाताचीच, कारण सॅल्यूट उजव्यानं करतात. शिवाय टॅटू त्या अवयवाच्या चौथ्या हिश्शापेक्षा लहान हवा. अर्ज भरण्याआधी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. मित्राच्या भावाला चाललं होतं, एवढ्यावर विसंबू नका.

"नंतर लेझरनं काढून टाकू की," असं पोरं सहज बोलून जातात. लेझरला अनेक बैठका लागतात, प्रत्येक दोन बैठकांमध्ये काही आठवडे थांबावं लागतं. काळी शाई बऱ्यापैकी जाते, हिरवी आणि पिवळी चिवट असते, आणि कातडीवर डाग राहू शकतो. भरतीला तीन महिने उरले असताना हा मार्ग कामाचा नाही.

देवनागरी अक्षरांचा घोळ

माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती सुई लागायच्या आधीच झालेली असते. कडोलीकडचा एक मुलगा राजमुद्रेचं चित्र मोबाइलवर घेऊन आला. स्टेन्सिल, म्हणजे सुईआधी कातडीवर घेतात तो छाप, हातावर उमटलं आणि मी मोठ्यानं वाचायला लागलो. 'शाहसूनोः'मधला सू ऱ्हस्व होता, विसर्ग गायब, आणि 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता'मधला एक रफार भलत्याच अक्षरावर चढला होता. ते चित्र त्याला कुणीतरी पाठवलेलं. सगळे तसंच काढतात, असं तो म्हणाला. मी स्पिरिटनं सगळं पुसलं.

डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षरं नीट जुळत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षर फुटतं, पाय मोडलेला दिसतो. ज्या कलाकाराला मराठी वाचता येत नाही, तो ते चित्र समजून जसंच्या तसं गिरवतो. त्यात त्याचा दोष नाही, वाचायची जबाबदारी आपली. 'आईवडिल' नव्हे 'आईवडील', 'आशिर्वाद' नव्हे 'आशीर्वाद'. मजकूर कागदावर लिहून न्या, स्टेन्सिल चिकटल्यावर दोघांकडून मोठ्यानं वाचून घ्या, मगच सुई लावू द्या.

अक्षराचा आकारही बघा. पूर्ण राजमुद्रा मनगटावर रुपयाएवढ्या गोलात मागणारे बरेच असतात. काढल्या दिवशी ती सुरेख दिसते. काही वर्षांनी 'च्च'ची पोकळी भरते, अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो. अक्षर करंगळीच्या नखाहून लहान नको. जागा नसेल तर एकच शब्द घ्या.

सणाच्या तोंडावर काढू नका

वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथ निघायच्या आदल्या दोन-तीन दिवसांत आमच्याकडे रांग लागते. गणपतीतही तेच. मिरवणुकीत टॅटू दिसावा ही हौस मला पूर्ण कळते, पण ताजा टॅटू म्हणजे उघडी जखम असते. तिच्यावर गुलाल, घाम, गर्दीतले धक्के, आणि शेवटी कपिलेश्वर तलावाचं पाणी. मिरवणुकीच्या किमान महिनाभर आधी काढा. खानापूर, उचगावकडच्या मंडळींनी रोप लागणीच्या दिवसांत पायावर अजिबात काढू नये. चिखलात दिवसभर उभं राहिलेलं पाऊल चिघळायला वेळ लागत नाही. आंबोलीच्या धबधब्याचा बेत असेल तर तोही आधी उरकून घ्या.

जत्रेत रस्त्यावर बसून काढून घेणं तर नकोच. एकच सुई, एकाच टोपणातली शाई, एकामागून एक माणसं: हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरायला एवढं पुरेसं आहे. सुईचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. मागताना संकोच करू नका.

उपाशी येऊ नका. मंगळवारचा उपास धरून आलेला मुलगा खुर्चीतच पांढराफटक पडलेला मी बघितला आहे. दारू पिऊनही येऊ नका, रक्त जास्त येतं आणि शाई नीट बसत नाही.

घरी गेल्यावर

हळद लावू नका. घरात कुणीतरी वाटी घेऊन उभं राहतंच, पण स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा जाड थरही नको. ओल कोंडते आणि खपली मऊ पडते. कोमट पाणी आणि साध्या साबणानं हलकेच धुवा, स्वच्छ कापडानं टिपा, कलाकारानं सांगितलेलं मलम अगदी पातळ लावा. साधारण चौथ्या दिवसापासून साल सुटते आणि खाज येते. खाजवायचं नाही, वरून बोटांनी थोपटायचं. दोन-तीन आठवडे पोहणं आणि थेट ऊन टाळा.

पहिले दोन-तीन दिवस लाली, थोडी सूज, शाईमिश्रित पाणी येणं हे सगळं होतंच. पण तीन दिवसांनंतर लाली वाढत चालली, जागा गरम लागली, पू आला, ताप चढला किंवा लाल रेघ वर सरकताना दिसली, तर टॅटूवाल्याला फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. फक्त लाल रंगाच्या भागातच गाठी येऊन खाज सुटत असेल, तर ती शाईची ॲलर्जी असू शकते. कधी कधी ती काही महिन्यांनीही उठते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.

रेषेभोवती निळसर धूर पसरल्यासारखा दिसला तर सुई जास्त खोल गेली असं समजा. ते धुऊन किंवा मलमानं जात नाही. वरून सावली देऊन काही वेळा झाकता येतं. रंग मध्येमध्ये उडाला असेल तर घाबरू नका. दीड महिन्यानं कातडी पूर्ण भरली की या, तेवढ्या जागा टचअपमध्ये भरून देता येतात.