मुलांच्या कॉलेजसाठी बचत : पैसे साठतात, पण वेळेवर हाती येत नाहीत, या चुका टाळा

शिक्षणासाठी पैसे कमी पडले, असे आपण नेहमी ऐकतो. पैसे होते, पण प्रवेशाच्या आठवड्यात ते काढता आले नाहीत, असे मात्र फारसे कुणी सांगत नाही. माझ्या थोरल्या भावाच्या घरी नेमके हेच घडले. भाऊ आणि वहिनी परळला राहतात. मुलगी दोन वर्षांची असताना त्यांनी तिच्या नावाने म्युच्युअल फंडात एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक हप्त्याची गुंतवणूक, सुरू केली आणि सोळा वर्षांत एकही हप्ता चुकू दिला नाही. पुतणीचा अठरावा वाढदिवस मे महिन्यात झाला, ऑगस्टमध्ये कॅप फेरीत (राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत) इंजिनीअरिंगची जागा मिळाली आणि फी भरायला मोजून चार दिवस हाती होते. भावाने पैसे काढण्याचा अर्ज केला आणि तो परत आला. खातेदार सज्ञान झाल्यामुळे पालकाची सही आता चालत नव्हती, मुलीची सही कुठेच नोंदलेली नव्हती, आणि तिचे पॅन कार्ड ती अज्ञान असताना काढलेले असल्याने त्यावर फोटोही नव्हता आणि सहीही नव्हती. शेवटी वहिनींच्या पाटल्या बँकेत तारण ठेवून पहिल्या वर्षाची फी भरावी लागली.

बचतीत दोघे कुठेही कमी पडले नव्हते. चूक तारखेची होती. त्यानंतर नातेवाइकांचे आणि शेजाऱ्यांचे कागद पाहताना तारखेच्या अशाच चुका मला पुन्हा पुन्हा दिसल्या, म्हणून त्या सविस्तर मांडत आहे.

अठराव्या वाढदिवसाची तयारी न करणे

अज्ञान मुलाच्या नावावरील फोलिओतील (फंडाच्या खात्यातील) एसआयपी मूल अठरा वर्षांचे होताच थांबते आणि खाते 'सज्ञान' करून घेईपर्यंत त्यातून पैसे काढता येत नाहीत. त्यासाठी फोटो आणि सही असलेले नवे पॅन कार्ड, मुलाचे स्वतःचे केवायसी, त्याच्या सहीने चालणारे बँक खाते आणि बँकेने पडताळून दिलेली सही, एवढे लागते. यातले एक काम अडले की पुढचेही अडते. म्हणून पॅन कार्डाचा आणि बँक खात्याचा अर्ज वाढदिवस होताच, त्याच आठवड्यात करावा आणि आधार कार्डावरील नाव, जन्मतारीख व पत्ता यांची दुरुस्ती त्याआधीच उरकून घ्यावी. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव आणि आधारवर दुसरे, असे आपल्याकडे पुष्कळ दिसते. ती दुरुस्ती बारावीच्या वर्षी करायला घेतली की तिला हमखास उशीर होतो.

माझे स्वतःचे मत असे आहे की बहुतेक घरांनी ही गुंतवणूक आई किंवा वडिलांच्या नावानेच करावी आणि मुलाला नामनिर्देशित करावे. मुलाच्या नावावर ठेवल्याने कर वाचतो, ही समजूत अपुरी आहे, कारण अज्ञान मुलाचे गुंतवणुकीवरील उत्पन्न आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. अठरा वर्षांनंतर विक्री केल्यास नफा मुलाच्या स्वतःच्या नावावर धरला जातो, हा फायदा खरा आहे. पण तो घ्यायचा असेल, तर वर सांगितलेली कागदपत्रे वेळेवर करण्याची शिस्त घरात असायला हवी.

सुकन्या समृद्धी अठराव्या वर्षी पिकते, असे धरणे

मुलींसाठीची ही सरकारी बचत योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी खाते उघडावे लागते, वर्षाला किमान २५० आणि कमाल दीड लाख रुपये भरता येतात आणि पैसे पंधरा वर्षे भरायचे असतात. खाते मात्र उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होते. मुलगी चार वर्षांची असताना खाते उघडले, तर ते ती पंचवीस वर्षांची झाल्यावर पिकेल. पदवीची फी तोवर भरूनही झालेली असेल. मधल्या काळात, मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हापासून, मागील आर्थिक वर्षाच्या अखेरीस असलेल्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम शिक्षणासाठी काढता येते. प्रवेशाचे पत्र आणि फीची पावती किंवा मागणीपत्र दाखवावे लागते आणि प्रत्यक्ष फीपेक्षा जास्त रक्कम मिळत नाही. म्हणून पदवीच्या हिशोबात या खात्याची निम्मीच शिल्लक धरावी. उरलेली पदव्युत्तर शिक्षणासाठी उपयोगी पडते.

दोन बारकावे आणखी आहेत. महिन्याचे व्याज पाच तारखेनंतरच्या सर्वांत कमी शिलकीवर मिळते, त्यामुळे सहा तारखेला भरलेल्या पैशांवर त्या महिन्याचे व्याज जाते. दुसरे असे की आजोबांनी हौसेने नातीच्या नावाने खाते उघडले असेल आणि ते कायदेशीर पालक नसतील, तर ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार ते खाते आई-वडिलांच्या पालकत्वाखाली वर्ग करून घ्यावे लागते. मध्ये एखाद्या वर्षी पैसे भरायचे राहिले असतील, तर घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक चुकलेल्या वर्षासाठी किमान रक्कम आणि ५० रुपये दंड भरून खाते पुन्हा चालू करता येते.

पीपीएफचे (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे) गणितही असेच सोपे, पण फसवे आहे. पंधरा वर्षे मोजली जातात ती खाते ज्या आर्थिक वर्षात उघडले, त्या वर्षाच्या अखेरीपासून. एप्रिल २०२५ मध्ये उघडलेले खाते १ एप्रिल २०४१ रोजी पूर्ण होते, म्हणजे प्रत्यक्षात जवळजवळ सोळा वर्षे लागतात. शिवाय स्वतःचे आणि अज्ञान मुलाचे खाते मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखच आहे.

आजच्या फीवर हिशोब थांबवणे

चार वर्षांच्या शिक्षणाला आज दहा लाख रुपये लागत असतील आणि खर्च दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढला, तर पंधरा वर्षांनी सुमारे ३१ लाख ७० हजार लागतील. वाढ ६ टक्के धरली, तरी आकडा २४ लाखांच्या घरात जातो. आता बचतीची बाजू पाहू. दरमहा पाच हजार रुपये पंधरा वर्षे गुंतवले आणि वर्षाला सरासरी १० टक्के परतावा मिळाला, तर साधारण २० लाख ७० हजार जमतात. तेच पाच वर्षे उशिरा सुरू केले, तर हाती सव्वादहा लाखांच्या आसपासच येतात. म्हणजे उशीर पाच वर्षांचा असला, तरी तेवढीच रक्कम जमवायला हप्ता दुप्पट करावा लागतो. परतावा इतकाच मिळेल याची हमी अर्थातच नाही. पण हप्ता पगारवाढीबरोबर दरवर्षी थोडा वाढवत नेला, तर तूट पुष्कळ भरून निघते.

'माटुंग्याला व्हीजेटीआयमध्ये लागेल, लोकलच्या पासात काम होईल' अशा, म्हणजे घराजवळच्या सरकारी अनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजच्या आशेवर हिशोब बेतणारे पालक मी पाहिले आहेत. आशा जरूर असावी, पण सीईटीचे (प्रवेश परीक्षेचे) गुण पंधरा वर्षे आधी कुणालाही ठाऊक नसतात, म्हणून तयारी खासगी कॉलेजच्या फीची ठेवावी. राज्यातील खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करते आणि ते आकडे पाहता येतात. ऐकीव रकमेपेक्षा तेच घ्यावेत. ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि ठरावीक प्रवर्गांतील मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. ती आज ज्यांना लागू आहे त्यांनी अवश्य घ्यावी, पण आज पाळण्यात असलेल्या मुलीसाठी ती गृहीत धरू नये.

विमा आणि बचत एकत्र करणे

बारशालाच कुणीतरी ओळखीचे एजंट 'बाळाच्या शिक्षणाची पॉलिसी' घेऊन येतात आणि नात्यामुळे नाही म्हणवत नाही. अशा पॉलिसीत विमाही अपुरा असतो आणि वाढही संथ असते. कमावत्या पालकाने साधा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ जीवन विमा, वेगळा घ्यावा. तो घेतानाच १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी आणि मुलांच्या नावे करून घेतला, तर पतीला कर्ज देणाऱ्यांना त्या रकमेवर हात ठेवता येत नाही; पॉलिसी निघाल्यावर ही सोय मागता येत नाही. जुनी पॉलिसी आधीच घेतलेली असेल, तर रागाच्या भरात बंद करू नये. आज सोडल्यास किती मिळतील आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवल्यास मुदतीअखेर किती मिळतील, हे दोन्ही आकडे कंपनीकडून लेखी मागवावेत आणि मगच ठरवावे.

सोने, पतसंस्था आणि एकाच बँकेवरची भिस्त

दागिन्यांत मजुरी आणि घट जाते, हे सर्वांना माहीत असते. त्याहून मोठी अडचण अशी की मुलीचे दागिने घरात लग्नाचे म्हणूनच ओळखले जातात आणि फीसाठी ते मोडायला कुणाचा हात धजत नाही. सहकारी बँकेत अर्धा टक्का जास्त व्याज मिळते म्हणून सगळी पुंजी एकाच ठिकाणी ठेवणेही बरे नव्हे. रिझर्व्ह बँकेचे निर्बंध एका संध्याकाळी लागतात आणि दुसऱ्या दिवशी ठेवीदार शाखेबाहेर रांगेत उभे असतात, हे मुंबईने पाहिले आहे. बँकेतील ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे, पण तो मुद्दल आणि व्याज मिळून, त्या बँकेच्या सर्व शाखा धरून आहे. पतसंस्थेतील ठेवीला हे संरक्षण नाही.

बारावीपर्यंत सगळे पैसे शेअर बाजारात ठेवणे

जानेवारी २०२० मध्ये सेन्सेक्स ४२ हजारांच्या आसपास होता. २३ मार्च रोजी तो २६ हजारांच्या खाली बंद झाला. पुढे बाजार सावरला, पण त्या उन्हाळ्यात फी भरायची होती त्यांना सावरण्याची वाट पाहणे शक्य नव्हते. मूल नववीत गेले की दरवर्षी थोडी थोडी रक्कम मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत पैसे ठेवणाऱ्या फंडात) हलवावी, म्हणजे बारावीच्या वर्षी पहिल्या दोन वर्षांची फी बाजाराबाहेर असेल. मुदत ठेव मे-जूनमध्ये संपेल अशीच करावी आणि तिच्यावर आपोआप नूतनीकरणाची खूण नाही ना, हे पाहून घ्यावे. कर वाचवणारी पाच वर्षांची ठेव यासाठी वापरू नये, कारण ती मुदतीआधी मोडता येत नाही.

पुतणीचा फोलिओ सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मोकळा झाला आणि पाटल्या व्याजासह सोडवून आणल्या. धाकटा पुतण्या आता दहावीला आहे. त्याच्या अठराव्या वाढदिवसाची तारीख वहिनींनी पासबुकाच्या आतल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवली आहे, आणि तिच्याखाली पॅन, आधार, बँक, फंड, या क्रमाने चार रिकामे चौकोन आखले आहेत.