ट्रेलरचा रिव्हर्स असा जमला

हलक्या गाडीचं लायसन वर्षभर जुनं झाल्यावर जड वाहनाचं शिकाऊ काढलं. पुढे चालवणं जमलं. रिव्हर्सला मात्र ट्रेलर कात्रीसारखा दुमडायचा. रडकुंडीला आलो होतो. सोलापुरात चिंचोळी एमआयडीसीकडच्या मोकळ्या जागेत एका ड्रायव्हरमामांनी माझा हात स्टिअरिंगच्या वरून काढून खाली ठेवला. "आता हात नेशील तिकडं बूड जाईल बघ." खरंच गेलं! खालून हात डावीकडे नेला की स्टिअरिंग उजवीकडे फिरतं, ट्रेलर डावीकडे. डाव्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागला की हात हळूच उजवीकडे. फारच दुमडला तर हट्ट नको, पुढे घेऊन सरळ करायचा. 15 दिवस ऊन चढायच्या आत एवढंच घोटलं. परीक्षेत एकदाच पुढे घ्यावा लागला.