मोठ्या मेडिकल डिव्हाइस कंपनीत जायचं का? होकार द्यायच्या आधी हे तपासा

मोठ्या डिव्हाइस कंपनीची ऑफर आलीय, घेऊ का, असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो, कंपनीचं नाव राहू दे, तुला प्रॉडक्ट कुठलं देणारेत? बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं. आणि तिथेच खरी गोम आहे, कारण एवढ्या मोठ्या कंपनीत तुम्ही खरं तर कंपनीत काम करत नाही, एका प्रॉडक्टच्या एका टीममध्ये करता, आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या टीमचं जग पूर्ण वेगळं असू शकतं. तेव्हा होकार द्यायच्या आधी एचआरला स्पष्ट विचारा, डिव्हिजन कुठली, प्रॉडक्ट कुठलं, ते नवीन बनतंय की बाजारात असलेलं सांभाळायचंय.

मग त्या प्रॉडक्टचा क्लास बघा. अमेरिकेत एफडीए, म्हणजे औषधं आणि डिव्हाइसवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, जोखमीप्रमाणे डिव्हाइसचे तीन क्लास करते, बँडेजसारख्या गोष्टी पहिल्यात, इन्फ्युजन पंप वगैरे दुसऱ्यात आणि पेसमेकर, हार्ट व्हॉल्व्ह तिसऱ्यात. दुसऱ्या क्लासमधली बरीचशी डिव्हाइसेस ५१०(के) मार्गाने जातात, म्हणजे आमचं डिव्हाइस आधीच बाजारात असलेल्या अमुक डिव्हाइसच्या तोडीचं आहे एवढं दाखवायचं असतं, तिसऱ्या क्लासला मात्र सहसा पीएमए, म्हणजे बाजारात आणण्याआधीची पूर्ण मंजुरी, लागतं आणि त्यात सुरक्षिततेचा आणि उपयोगाचा पुरावा स्वतःच उभा करावा लागतो, त्यात वर्षं जातात. हे तुमच्या रोजच्या कामाशी थेट जोडलेलं आहे. ज्याला दोन-तीन वर्षांत आपण केलेली गोष्ट पेशंटपर्यंत गेलेली बघायचीय त्याने तिसऱ्या क्लासच्या अगदी नवीन प्रोजेक्टमध्ये जाताना दहादा विचार करावा.

जाहिरातीत 'रेमेडिएशन' शब्द दिसला तर थांबा. म्हणजे जुन्या प्रॉडक्टच्या फायली नीट नाहीत, ऑडिटमध्ये सापडलंय किंवा नियम बदललेत, आणि आता त्या भरून काढायला माणसं हवीत. युरोपचा एमडीआर, म्हणजे मेडिकल डिव्हाइसचा नवा कायदा, २६ मे २०२१ पासून लागू झाला तेव्हापासून जुन्या प्रॉडक्टच्या फायली नव्याने उभ्या करायचं असलं काम खूप निघालं. ते काम वाईट नाही, उलट नियम तिथे फार पक्के कळतात, पण डिझाइन करायला मिळेल म्हणून जाल आणि दीड वर्ष फक्त जुने टेस्ट रिपोर्ट जुळवत बसाल, तर कामातून मन उडेल.

आता कागदपत्रांचं. सगळे म्हणतात तिथे फार कागद असतात, खरंय, पण ते का असतात हे पटलं नाही तर तुम्ही तिथे टिकणार नाही. माझं एक सांगतो. पेशंटवर लक्ष ठेवणाऱ्या एका मॉनिटरबद्दल तक्रार आली होती, तक्रारीच्या फॉर्मवर पेशंटचं नाव नसतं, फक्त नर्सने लिहिलेली एक ओळ होती, खोलीचं दार बंद होतं, अलार्म बाहेर ऐकू आला नाही. मी कोडमध्ये आवाजाचा एक आकडा वाढवला, दहा मिनिटांचं काम. पुढे रिस्क फाइल, रिक्वायरमेंट, टेस्ट प्रोटोकॉल, पाच जणांच्या सह्या असं करत अकरा आठवडे गेले आणि मी अक्षरशः वैतागलो होतो. पण त्याच टेस्टमध्ये दिसलं की एवढ्या आवाजाला स्पीकर घरघरतो आणि गंभीर अलार्म आणि साधा अलार्म यातला फरकच कानाला कळत नाही. माझा दहा मिनिटांचा बदल तसाच गेला असता तर एका वॉर्डातली अडचण सोडवताना सगळ्या वॉर्डांत नवी अडचण पोचली असती. तेव्हापासून मी त्या सह्यांना नावं ठेवत नाही.

याच्या उलट बाजूचं उदाहरण सगळ्यांनी वाचावं असं आहे, थेरॅक-२५ नावाचं रेडिएशन मशीन. १९८५ ते १९८७ मध्ये सहा पेशंटना त्यातून प्रमाणाबाहेर प्रचंड डोस गेला, काही जण दगावले. आधीच्या मॉडेलमधले हार्डवेअरचे इंटरलॉक, म्हणजे चुकीच्या वेळी मशीन चालूच होऊ न देणारे अडसर, काढून भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता आणि ऑपरेटरने स्क्रीनवर चटचट दुरुस्ती केली की चूक घडायची. पण मला त्याहून जास्त लागतं ते हे, की सुरुवातीच्या तक्रारींना कंपनीचं उत्तर होतं, आमच्या मशीनमधून असं होऊच शकत नाही.

म्हणून माझ्या मते कंपनी पारखायची खरी जागा हीच, तक्रार आली की ती कशी वागते. आणि हे बाहेरून बऱ्यापैकी तपासता येतं, फुकटात. एफडीएच्या साइटवर वॉर्निंग लेटर आहेत, रिकॉलचा, म्हणजे दोषामुळे परत मागवलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या डिव्हाइसचा, डेटाबेस आहे, आणि मॉड (MAUDE) नावाच्या डेटाबेसमध्ये डिव्हाइसबद्दल आलेले प्रतिकूल घटनांचे रिपोर्ट आहेत. तुमच्या डिव्हिजनचं प्रॉडक्ट टाकून एक संध्याकाळ तिथे घालवा. वाचताना एक लक्षात ठेवा, रिकॉलमध्ये क्लास वन सगळ्यात गंभीर, म्हणजे डिव्हाइसच्या क्लासच्या बरोबर उलट, इथे भलेभले गोंधळतात. आणि रिकॉल आहे म्हणून कंपनी वाईट असं अजिबात नाही, प्रामाणिक कंपनीही रिकॉल करते. बघायचं हे की तीच चूक परत परत येतेय का, आणि कंपनीने स्वतः शोधली की इन्स्पेक्टरने येऊन दाखवली.

मग इंटरव्ह्यूत तुम्ही विचारा, बिनधास्त. तुमच्या टीमने शेवटचं रिलीज कधी थांबवलं, आणि कुणी थांबवलं? क्वालिटीचा माणूस कुणाला रिपोर्ट करतो, प्रॉडक्शनच्या टार्गेटवर ज्याचा बोनस आहे त्यालाच तर नाही ना? कापा (CAPA) किती उघडे आहेत आणि सगळ्यात जुना कधीचा? कापा म्हणजे चूक दुरुस्त करायची आणि परत होऊ नये याची नोंद, जो माणूस या क्षेत्रातला आहे तो या प्रश्नाला दचकत नाही. गुप्ततेमुळे आकडा नाही सांगितला तरी चालेल, पण समोरचा मॅनेजर हसून विषय बदलतो की जरा थांबून एखादा प्रसंग आठवून सांगतो, यावरून मला तरी बरंच कळतं.

सेल्स किंवा क्लिनिकल सपोर्टला जाणाऱ्यांसाठी वेगळं. तिथे कागद कमी पण तुम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये उभे असता, सकाळी सहाची केस आणि रात्रीचा फोन दोन्ही तुमचेच. टार्गेट कसं ठरतं ते लेखी घ्या.

पगार ठीक असतो, ट्रेनिंग चांगलं मिळतं, आयएसओ १३४८५ (क्वालिटीचं स्टँडर्ड) आणि १४९७१ (जोखीम हाताळायचं स्टँडर्ड) हातात बसलं की पुढे कुठेही उपयोगी पडतं. पण स्थिरतेवर डोळे मिटून विसंबू नका. डिव्हिजन विकल्या जातात, कंपन्या गिळल्या जातात, जानेवारी २०१७ मध्ये ॲबटने सेंट ज्यूड मेडिकलसारखी मोठी कंपनी घेतली, जानेवारी २०२३ मध्ये जीई हेल्थकेअर मूळ कंपनीतून वेगळी झाली. सॉफ्टवेअरवाल्यांनी टूल्सही विचारा, एकदा व्हॅलिडेट झालेला कंपायलर वर्षानुवर्षं बदलत नाहीत, आणि तीन वर्षांनी बाहेर पडताना तुमचा हात त्याच जुन्या व्हर्जनवर बसलेला असतो.

आणि ती टीम सोडून गेलेल्या एका तरी माणसाशी बोला, आत असलेल्याशी नाही, सोडलेल्याशी. का सोडलं हे विचारू नका, त्याचं ठरलेलं उत्तर मिळतं. ते डिव्हाइस उद्या घरच्या माणसाला लावायची वेळ आली तर लावशील का, एवढंच विचारा, आणि तो उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते ऐका.