अजिंठा-वेरूळ दोन दिवसांत बघताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरात घर असलं की पाहुण्यांना तोटा नसतो. जोडून सुट्टी आली की फोन सुरू होतात. "शनिवारी येतोय गं, दोन दिवसांत सगळं होईल ना?" दोन दिवसांत पुष्कळ होतं. पण बहुतेक मंडळी हे दोन दिवस अशा तऱ्हेनं वाटून घेतात की अजिंठ्याला पोचेपर्यंत उन्हं डोक्यावर आलेली असतात आणि वेरूळला पोचेपर्यंत पायातलं बळ संपलेलं असतं. मग निघताना म्हणतात, "छान आहे, पण फार चालावं लागतं." हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. वेळ कमी पडला असं सगळ्यांना वाटतं, पण चुकलेला असतो तो क्रम. त्याच त्या चुका दर सुट्टीला बघून आता एकदा सविस्तर लिहिते.

वार न बघता निघणं

अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. ही दोन वाक्यं कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

नुसता शनिवार-रविवार असेल तर अडत नाही. घोळ होतो तो सोमवारची सुट्टी जोडून आली की. शहरापासून वेरूळ तीसेक किलोमीटर, अजिंठा शंभराच्या आसपास. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, जवळचं आधी उरकू, लांबचं शेवटच्या दिवशी निवांत बघू. तो निवांत दिवस नेमका सोमवार निघतो.

माझ्या धाकट्या नणंदेच्या सासरची मंडळी पुण्याहून अशीच आली होती. शनिवारी बीबी का मकबरा आणि खरेदी, रविवारी वेरूळ, सोमवारी अजिंठा. रविवारी रात्री आमच्याकडे जेवायला आले तेव्हा सकाळी सहाला निघायचा बेत माझ्या कानावर आला. मी म्हटलं, "अहो, उद्या बंद असतं." नणंदेच्या नवऱ्यानं तिथल्या तिथे ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "चालू असतं साहेब, मी नेहमी नेतो." पैसे आधीच दिलेले, त्यामुळे सगळ्यांना ड्रायव्हरचंच खरं वाटलं. सकाळी साडेनऊला फर्दापूरहून नणंदेचा फोन आला. टी-पॉइंटवर, म्हणजे जिथे गाडी सोडून पुढच्या बसमध्ये बसायचं त्या थांब्यावर, लेण्यांकडे जाणाऱ्या बस ओळीनं उभ्या, दुकानांवर ताडपत्र्या, आणि तिचे सासरे कठड्यावर बसून राहिलेले. अण्णा चित्रकलेचे शिक्षक. नोकरीभर मुलांना पुस्तकातल्या छापील चित्रावरून पद्मपाणी, म्हणजे अजिंठ्याच्या भिंतीवरचा कमळ धरलेला बोधिसत्त्व, शिकवत आले. ती भिंत चार किलोमीटरवर होती आणि गाडी परत वळवावी लागली. त्यानंतर त्यांच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं आणि अजून त्यांचं येणं झालेलं नाही. ड्रायव्हरच्या एका "चालू असतं"पायी हे झालं, याचा मला आजही राग येतो.

म्हणून माझा नेम साधा आहे. ज्या जागेसाठी आलात ती पहिल्या दिवशी. अजिंठा आधी, बाकी सगळं नंतर. मुंबई किंवा नागपूरकडून रेल्वेनं येणाऱ्यांना तर मी जळगावला उतरायला सांगते. जळगावहून लेणी साठेक किलोमीटर. सामान गाडीत टाकायचं, लेणी बघायची आणि संध्याकाळी संभाजीनगरात मुक्कामाला यायचं. त्यात शंभर किलोमीटर जाऊन तेवढंच परत येणं वाचतं.

आणखी एक. अजिंठा गाव आणि अजिंठ्याची लेणी एका जागी नाहीत. गाव घाटाच्या वर आहे, लेणी घाट उतरल्यावर फर्दापूरजवळ. एसटीनं येणारे गावात उतरतात आणि मग रिक्षावाला सांगेल तो भाव देतात. कंडक्टरला "लेणी, फर्दापूर फाटा" असं स्पष्ट सांगा.

अजिंठ्यात शिरल्या शिरल्या "काही दिसत नाही" म्हणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक. क्रमांक एकच्या लेण्यात मी कित्येकदा बाजूला उभी राहून बघितलंय. बाहेरच्या उन्हातून माणसं येतात, चपला काढतात, आत पाऊल टाकतात. डोळ्यांना अंधारी आलेली असते. कुणीतरी मोबाईलचा टॉर्च लावतं, रखवालदार ओरडतो, टॉर्च बंद होतो. मग "काळंच पडलंय सगळं" म्हणत एक चक्कर आणि बाहेर. तीन तास गाडीत बसून आलेली माणसं तीन मिनिटांत परत निघतात.

आत मुद्दामच मंद दिवे आहेत. ही चित्रं दगडावर थेट काढलेली नाहीत. दगडावर माती, भुसा आणि तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. क्रमांक एकमधली पाचव्या शतकातली, वाकाटक राजांच्या काळातली. नऊ आणि दहा या लेण्यांतली काही त्याहून बरीच जुनी, इसवी सनापूर्वीची. एवढा जुना गिलावा उजेडानं आणि गर्दीच्या श्वासानं सुटत जातो. तेव्हा फ्लॅश मारणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात काडीची सहानुभूती नाही.

उपाय एवढाच की आत गेल्यावर काही बघायचंच नाही. खांबाला न टेकता एका कडेला उभं राहायचं आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. सोबतची मुलं कुरकुर करतील, करू द्या. हळूहळू डोळे सरावतात. आधी छतावरची फुलं आणि प्राणी दिसू लागतात, मग भिंतीवरचे चेहरे. त्यानंतर गाभाऱ्याच्या दिशेनं जा. दाराच्या डाव्या हाताला पद्मपाणी आहे, उजव्या हाताला वज्रपाणी. पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ कसं धरलंय ते बघा. बोटांत जोर नाही, देठ नुसतं टेकवल्यासारखं. मान किंचित कललेली, पापण्या खाली. भोवती माकडं, मोर, दासी, प्रेमिक यांची दाटी आणि त्या सगळ्यात ही एकच व्यक्ती स्वतःत बुडालेली. हे टॉर्चच्या झोतात दिसत नाही, कारण झोत एका वेळी एकच तुकडा उजळतो.

चित्रांसाठी एक, दोन, सोळा आणि सतरा ही चार लेणी निवांत बघा. या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, म्हणून सकाळी नऊला उघडताना दारात असलेलं बरं. शिल्पांसाठी एकोणीस आणि सव्वीस. सव्विसाव्यात डाव्या भिंतीला बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, सात मीटरच्या आसपास लांब. खाली शोक करणारे शिष्य, वर स्वागताला जमलेले देव. लोक या लेण्यापर्यंत येतच नाहीत, कारण ते टोकाला आहे आणि तोवर भूक लागलेली असते. सोबत भिजवलेले चणे किंवा दशमी ठेवा, पण पिशवी बंद ठेवा, वानरं हुशार आहेत. ज्येष्ठांना चढ झेपत नसेल तर डोली मिळते. ती घ्यायला संकोच करू नका.

आणि दहाव्या लेण्यात खांबावर नाव कोरलेलं दिसेल. १८१९ साली शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याचं आहे ते. त्यानं कोरलं म्हणून आपणही कोरावं, असं समजणारे अजून भेटतात. कुणी खिशातून किल्ली काढताना दिसलं तर तिथेच हटका.

वेरूळला कैलासापासून सुरुवात

वेरूळची चौतीस लेणी. एक ते बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. फाटकातून आत गेलं की समोरच सोळा क्रमांकाचं कैलास. सगळे तिथेच घुसतात, तासभर फोटो काढतात आणि दमतात. मग बाकीच्यांच्या वाट्याला "तेच ते" हा शेरा येतो.

लेण्यांचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत असतो, दुपारनंतर ऊन आत शिरतं. मी म्हणून उलट जाते. दुपारी दीडच्या सुमाराला आधी लांबची जैन लेणी, वाहनानं. बत्तीस क्रमांकाची इंद्रसभा वरच्या मजल्यासकट बघायची. मग परत येऊन बारावं, म्हणजे तीन ताल, आणि तिथून दहावं. या दहाव्या लेण्याला इकडे सुतार झोपडी म्हणतात. दगडाच्या छताला लाकडी वासे असावेत तशा कमानी कोरल्यात. उतरतं ऊन वरच्या खिडकीतून आत आलं की त्या एकेक उठून दिसतात. कैलास सगळ्यात शेवटी, साडेचारच्या पुढे.

तिथेही लगेच आत धावू नका. बाजूच्या चढावरून वर जाऊन आधी माथा बघा. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळातलं, आठव्या शतकातलं हे मंदिर वरून खाली कोरत आणलंय. कळस आधी, जोतं शेवटी. खाली उभं राहून हे डोक्यात शिरत नाही, वरून एका नजरेत कळतं. मग खाली उतरून दक्षिणेच्या बाजूला कैलास हलवणारा रावण शोधा. खाली रावण सगळ्या हातांनिशी जोर लावतोय, वर घाबरलेली पार्वती शिवाला बिलगलीय, एक दासी पाठ फिरवून पळत सुटलीय, आणि शिवानं नुसता पाय दाबलाय. राष्ट्रकूट घराण्यातल्या कर्काच्या बडोदा ताम्रपटात असं सांगितलंय की हे मंदिर घडवणारा कारागीरच म्हणाला, हे माझ्या हातून कसं झालं? त्या रावणापुढे दहा मिनिटं थांबलात तर ते वाक्य पटतं.

सकाळ मोकळी राहते ती दौलताबादसाठी, किल्ला वाटेवरच आहे. तो दुपारी चढायला घेणं ही शुद्ध चूक. उघडल्या उघडल्या जा, पाणी सोबत न्या. निम्मे लोक चाँद मिनारपाशी फोटो काढून परततात आणि "दौलताबाद झालं" म्हणतात. झालेलं काहीच नसतं. यादवांच्या देवगिरीची खरी हुशारी पुढे आहे. कापून सरळ केलेला कडा, खंदक, आणि मग अंधारी. या भुयारी वाटेत वटवाघळं आहेत, वास आहे, पायऱ्या वेड्यावाकड्या आहेत. इथे मात्र टॉर्च हवाच, चांगला, मोबाईलचा नव्हे. हा किल्ला बळानं सर करणं का अवघड होतं, ते त्या अंधारात कळतं. गुडघे दुखत असतील तर चिनी महालापर्यंत जा आणि सावलीत बसा.

मकबऱ्यात ताजमहाल शोधणं

"आग्र्याच्या पुढे काहीच नाही" हे वाक्य फाटकातच ऐकू येतं. ज्यानं ताजची नक्कल बघायची ठरवलं त्याला नक्कलच दिसते. बीबी का मकबरा ही दख्खनची इमारत आहे. घुमट आणि भिंतींचा खालचा पट्टा संगमरवरी, बाकी काळा दगड आणि त्यावर चुन्याच्या गिलाव्याची नक्षी. त्या गिलाव्यातली वेलबुट्टी जवळ जाऊन बघा. आत कठड्यावरून खाली बघितलं की संगमरवरी जाळीच्या आड औरंगजेबाच्या बेगमेची, दिलरास बानूची कबर दिसते. तिच्यावर नाणी टाकू नका, ती कबर आहे.

इथेच पाठ केलेल्या गोष्टींची परीक्षा घ्या. "आझमशहानं आईच्या आठवणीत बांधला" असं सगळीकडे सांगतात. दिलरास बानू वारली १६५७ साली, आझमचा जन्म १६५३ चा, आणि दारावरच्या लेखातली तारीख १६६०-६१ च्या सुमाराची. सात-आठ वर्षांच्या मुलानं असा मकबरा उभा केला नसणार, हुकूम बापाचा, औरंगजेबाचाच असणार. त्याच लेखात अताउल्ला आणि हंसपतराय या वास्तूच्या कर्त्यांची नावं आहेत. सरकारमान्य ओळखपत्र असलेला गाइड घ्या आणि त्याला प्रश्न विचारा. चांगला गाइड प्रश्नांनी खूश होतो. मकबऱ्याला जायचं ते पोचल्या दिवशी संध्याकाळी. दुपारी पांढऱ्या घुमटाकडे डोळे उघडे ठेवून बघता येत नाही.

बाकीचं थोडक्यात. मे महिन्यात येऊ नका. श्रावणी सोमवारी घृष्णेश्वर आणि वेरूळची लेणी एकाच दिवशी धरू नका, रांगेतच दिवस जातो. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा काढावा लागतो, हे आधी माहीत असलेलं बरं. मॅपवरच्या वेळेत अजिंठ्यासाठी निदान पाऊण तास जास्तीचा धरा, सिल्लोडचा बाजार मॅपला कळत नाही. नान-खलिया खायचा तर जुन्या शहरात जा, हॉटेलात मागवू नका. गाडीवाला जिथे थांबवेल त्याच दुकानात हिमरू किंवा पैठणी घेऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच बिलात असतं. आणि पैठणी कुठेही घेतलीत तरी आधी पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीवरचा मोर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. मागे सुटे धागे लोंबत असतील तर हातमागाचा भाव देऊ नका.